ध्यानाचा धर्म आणि सरकारी खिडक्या

माझे वडील पेरियारांचे अनुयायी होते. चेन्नईत मंदावेलीच्या आमच्या घरात देवघर नव्हते, लग्नकार्याला पुरोहित बोलावला जात नसे आणि कपाळाला विभूती लावून आलेल्या पाहुण्याला वडील कॉफीबरोबर थोडा वादही वाढत. वयाच्या शहात्तराव्या वर्षी दम्याने त्यांना गाठले, तेव्हा डॉक्टरांनी औषधांच्या जोडीला श्वासाचे काही अभ्यास सुचवले. ते शिकवायला शेजारच्या गल्लीतले एक वयस्कर शिक्षक घरी येऊ लागले. कपाळावर वैष्णवांचे उभे नाम, खांद्यावर अंगवस्त्र. पहिल्याच दिवशी त्यांनी तीनदा ओंकार म्हणायला सांगितले. वडील म्हणाले, ‘‘वाध्यार, ते मी म्हणणार नाही. बाकी सांगाल ते सगळे करीन.’’ शिक्षक क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘‘मग आकडे मोजा, ऐया.’’ पुढची तीन वर्षे वडील श्वास घेताना आणि सोडताना तमिळमध्ये एक, दोन, तीन मोजत राहिले. समोर बसलेले शिक्षक मनातल्या मनात नारायणाचे नाव घेत राहिले.

त्या अर्ध्या तासात आमच्या घरात धार्मिक विधी चालला होता की व्यायाम? शिक्षकांना विचारले असते तर ही उपासना आहे, असे त्यांनी सांगितले असते. वडिलांना विचारले असते तर फुप्फुसांचे काम आहे, असे उत्तर मिळाले असते. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते. हिंदू परंपरेतून आलेली ध्यानसाधना धर्मनिरपेक्ष मानता येईल का, हा प्रश्न आज न्यायालयांत, शाळांत आणि करविभागात विचारला जातो, तेव्हा मला ही चटई आठवते. ती आठवण केवळ कौटुंबिक म्हणून सांगत नाही. आपले शासन या प्रश्नाला जी निरनिराळी उत्तरे देते, त्यांच्यापेक्षा त्या शिक्षकांचे उत्तर अधिक सुसंगत होते, असे माझे मत आहे.

आमचे शिक्षक तिरुमलै कृष्णम्माचार्यांच्या परंपरेतले होते. कृष्णम्माचार्य हे म्हैसूरच्या राजवाड्यात योग शिकवत. १९५० च्या दशकाच्या आरंभी ते मद्रासला आले आणि १९८९ मध्ये, शंभरी ओलांडल्यावर, याच शहरात निवर्तले. ते कट्टर श्रीवैष्णव होते. त्यांच्या शिष्यपरंपरेत असे सांगतात की, ध्यानाला बसलेल्याला ते ईश्वराचे स्मरण करायला सांगत. ईश्वर मान्य नसेल तर सूर्याचे, आणि तेही नको असेल तर आईवडिलांचे. त्यांचे चिरंजीव टी. के. व्ही. देसिकाचार हे शिक्षणाने अभियंते. त्यांनी १९७६ मध्ये चेन्नईत कृष्णम्माचार्य योग मंदिरम् स्थापन केले आणि साधना माणसागणिक बदलली पाहिजे, हेच त्या संस्थेचे सूत्र झाले. ही लवचीकता आधुनिक काळाशी केलेली तडजोड आहे, असे समजण्याचे कारण नाही. पतंजलींच्या योगसूत्रांतच ईश्वराला शरण जाणे हा चित्त स्थिर करण्याचा एक मार्ग म्हणून येतो आणि त्याच पहिल्या पादात पुढे, ज्याला जे रुचेल त्याचे ध्यान करावे, अशीही मोकळीक आहे. 

याच कृष्णम्माचार्यांचे दोन शिष्य जगभर गेले. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले आणि पुणेकरच झाले, हे मराठी वाचकांना सांगायला नको. दुसरे, म्हैसूरचे के. पट्टाभी जोईस. जोईस यांच्या नावाने निघालेल्या एका प्रतिष्ठानाने कॅलिफोर्नियातील एन्सिनिटास या गावाच्या सरकारी शाळांना पाच लाख डॉलरहून अधिक देणगी दिली आणि तिथे योगाचे तास सुरू झाले. काही ख्रिस्ती पालक न्यायालयात गेले. २०१३ मध्ये न्यायाधीश जॉन मायर यांनी दिलेला निकाल दोन्ही बाजूंना खटकणारा होता. योगाचे मूळ धार्मिक आहे, हे त्यांनी मान्य केले. मात्र या शाळांमध्ये जे शिकवले जाते त्यातून धर्माचा प्रसार होत नाही, म्हणून तास चालू राहू शकतात, असे ठरवले. २०१५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने हा निकाल कायम केला. तोवर शाळेने आसनांची संस्कृत नावे काढून टाकली होती आणि पद्मासनाला लहान मुलांच्या बडबडगीतात शोभेल असे एक इंग्रजी नाव दिले होते.

याच्या उलट निकालही अमेरिकेतच झाला होता. न्यू जर्सीच्या पाच सरकारी शाळांत महर्षी महेश योगींच्या भावातीत ध्यानाचा अभ्यासक्रम लावला गेला. १९७७ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने तो धार्मिक ठरवून बंद केला आणि १९७९ मध्ये वरच्या न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. तो निकाल वाचताना एक तपशील लक्षात राहतो. हे ध्यान म्हणजे केवळ मनाला विश्रांती देण्याचे तंत्र आहे, असे प्रचारक सांगत होते. पण मंत्र देण्यापूर्वी विद्यार्थ्याला गुरूच्या तसबिरीसमोर चालणाऱ्या संस्कृत पूजेला उपस्थित राहावे लागे आणि त्यासाठी फळे, फुले, रुमाल आणावा लागे. तंत्रच असेल तर तसबीर कशाला, असा साधा प्रश्न होता. त्याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

अलाबामा राज्याने १९९३ मध्ये शाळांतून योग हद्दपार केला होता; २०२१ मध्ये त्याला परत घेतले, पण मंत्र नको, मुद्रा नको, आसनांची नावे इंग्रजीत हवीत आणि ‘नमस्ते’ म्हणायचे नाही, या अटींवर. हा प्रकार मला हास्यास्पद वाटतो. चेन्नईच्या दुकानदाराला नमस्कार करणारा मनुष्य कोणताही धर्म स्वीकारत नसतो. तरीही अमेरिकेच्या पद्धतीत एक गुण आहे. तिथली न्यायालये मुळाकडे पाहून थांबत नाहीत. वर्गात प्रत्यक्ष काय घडते आणि मुलाला त्यातून बाहेर राहता येते का, हे तपासतात. 

आता आपल्याकडे वळू. आपल्या राज्यघटनेने धर्म या शब्दाची व्याख्या केलेली नाही आणि ते शहाणपणाचे होते. व्याख्येचे काम न्यायालयांवर आले. त्याचा आरंभबिंदू मद्रासच आहे. उडुपीचा शिरूर मठ तेव्हा मद्रास राज्यात होता. राज्याच्या १९५१ च्या हिंदू धर्मादाय कायद्याला मठाधिपतींनी आव्हान दिले आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. धर्म म्हणजे केवळ श्रद्धा नव्हे, आचारही धर्मात येतो. आणि कोणता आचार अत्यावश्यक, हे त्या त्या धर्माच्या शिकवणुकीवरून ठरवायचे. ऐकायला हे सरळ वाटते. व्यवहारात, धर्माचा गाभा कोणता आणि टरफल कोणते, हे ठरवण्याची जबाबदारी न्यायाधीशांवर येऊन पडली.

चेन्नईहून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला निघाले की तीन तासांत ऑरोविल लागते. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या या नगरीच्या कारभाराविषयी तक्रारी आल्या आणि १९८० मध्ये केंद्र सरकारने कायदा करून व्यवस्थापन ताब्यात घेतले. श्रीअरविंद सोसायटीच्या वतीने न्यायालयात सांगण्यात आले की, आम्ही एक धर्मसंप्रदाय आहोत आणि संप्रदायाचा कारभार त्याच्याच हाती राहावा, ही घटनेची हमी आम्हालाही आहे. ८ नोव्हेंबर १९८२ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. सरन्यायाधीशपदी तेव्हा पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. बहुमताचे म्हणणे असे की, श्रीअरविंदांची शिकवण हे तत्त्वज्ञान आहे, धर्म नव्हे. न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी कायदा वैध ठरवला. पण श्रीअरविंदांचा मार्ग धर्मसंप्रदाय मानता येणार नाही, हे म्हणणे त्यांना पटले नाही. 

या निकालातला माझ्या दृष्टीने महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. याच सोसायटीने करसवलत घेताना आपण धार्मिक संस्था असल्याचे सांगितले नव्हते. शैक्षणिक आणि संशोधनपर कार्य करणारी संस्था म्हणून ती करविभागासमोर उभी होती. न्यायालयाने हे नमूद केले. म्हणजे कराच्या खिडकीवर संशोधन आणि सरकारी ताबा येताच धर्म. केवळ त्या सोसायटीला दोष देऊन भागणार नाही. कोलकात्यात रामकृष्ण मिशननेही महाविद्यालयांवरचे नियंत्रण टाळण्यासाठी आपण हिंदू धर्माहून वेगळे, अल्पसंख्य आहोत, असा दावा केला होता; १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. ज्या विवेकानंदांनी हिंदू धर्माची ध्वजा शिकागोला नेली, त्यांच्याच मिशनवर ही वेळ यावी, यात संन्याशांच्या लबाडीपेक्षा आपल्या कायद्यांच्या रचनेचा वाटा मोठा आहे. निरनिराळ्या लेबलांना निरनिराळी बक्षिसे लावली की संस्था लेबले बदलणारच.

वडलूरचे उदाहरण याहूनही विलक्षण आहे. चेन्नईच्या दक्षिणेला कडलूर जिल्ह्यात रामलिंग अडिगळ, म्हणजे तमिळ जनतेचे वळ्ळलार, यांनी १८७२ मध्ये सत्य ज्ञान सभा उभारली. तिथे मूर्ती नाही. एका ज्योतीचे दर्शन आहे. जात, मत, शास्त्र यांचे भेद नाकारणारा हा मार्ग. पुढे तिथे शैव आगमांप्रमाणे पूजा होऊ लागली. २००६ मध्ये तमिळनाडूच्या हिंदू धर्मादाय खात्यानेच, वळ्ळलारांच्या विचाराप्रमाणे इथे फक्त ज्योतीची उपासना चालेल, असा आदेश काढला आणि पुढे मद्रास उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. हिंदू धर्मादाय खाते एका जागेला सांगते की, इथे हिंदू विधी नकोत. आणि तरीही ती जागा त्याच खात्याच्या देखरेखीखाली राहते. माझ्या मते आदेश योग्य होता, पण खात्याचे नाव आणि आदेशाचा मजकूर शेजारी ठेवून वाचणाऱ्या परदेशी पाहुण्याला तो समजावून सांगणे मला कधीच जमलेले नाही.

याच राज्यातले अलीकडचे प्रकरण कोइम्बतूरच्या ईशा फाउंडेशनचे. वेल्लियंगिरी डोंगराच्या पायथ्याशी २००६ ते २०१४ या काळात झालेल्या बांधकामांना पूर्वपर्यावरण मंजुरी घेतली नव्हती, म्हणून तमिळनाडूच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने नोव्हेंबर २०२१ मध्ये नोटीस बजावली. केंद्राने २०१४ मध्ये शैक्षणिक संस्थांना अशा मंजुरीतून सूट दिली होती. योगकेंद्र ही शैक्षणिक संस्था आहे, असा युक्तिवाद झाला. डिसेंबर २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तो स्वीकारून नोटीस रद्द केली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळाचे अपील फेटाळले. त्याच परिसरात १९९९ मध्ये प्राणप्रतिष्ठा झालेले ध्यानलिंग आहे, देवीचे स्थान आहे आणि महाशिवरात्रीला तिथे रात्रभर सोहळा होतो. शिक्षण आणि उपासना एकाच आवारात नांदू शकतात, यात मला काहीच गैर दिसत नाही. आमच्या घरात ती एकाच चटईवर नांदत होती. प्रश्न जंगलाला लागून केलेल्या बांधकामाचा होता. त्या बांधकामाच्या आत बसलेला मनुष्य गणित शिकतो, ध्यान करतो की प्रार्थना करतो, याने सांडपाण्याच्या गणितात काय फरक पडतो? ध्यान धर्म आहे की शिक्षण, या चर्चेत मूळ प्रश्न बाजूला राहतो, हे या प्रकरणातून दिसते. 

तमिळनाडूत याला आणखी एक बाजू आहे. १९५९ च्या राज्य कायद्यानुसार मठ आणि मंदिरे धर्मादाय खात्याच्या नियंत्रणाखाली येतात. योगकेंद्र, ध्यानकेंद्र, प्रतिष्ठान येत नाही. एका देवळाच्या हुंडीतल्या पैशांचा हिशेब सरकारी अधिकारी तपासतो आणि काही मैलांवरच्या ध्यानमंडपातल्या देणग्यांना हा नियम लागू होत नाही. देवळांवरचे सरकारी नियंत्रण असावे की नसावे, हा स्वतंत्र वाद आहे आणि त्यात मी आज शिरत नाही. पण नियंत्रण ज्या रेषेवर थांबते ती रेषा धार्मिक आणि अधार्मिक यांच्यामध्ये नाही, जुन्या आणि नव्या पद्धतीच्या संस्थांमध्ये आहे, हे मान्य करायला हरकत नसावी.

आता करविभागाच्या खिडक्या. २०१५ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यातील धर्मादाय हेतूच्या व्याख्येत ‘योग’ हा शब्द घातला. त्याची जागा पाहा: गरिबांना साहाय्य, शिक्षण, योग, वैद्यकीय मदत. म्हणजे आयकराच्या दृष्टीने योग शाळा आणि दवाखाना यांच्या मधोमध बसला. याला व्यावहारिक अर्थ आहे. कारण पूर्णतः वा मुख्यतः धार्मिक हेतूसाठी दिलेल्या देणगीवर देणगीदाराला ८०जी कलमाची सवलत मिळत नाही, योगासाठी दिलेल्या देणगीवर मिळू शकते. त्याच वर्षी सेवाकराच्या अधिसूचनेतही दुरुस्ती झाली. तिथे सूट होती धर्म आणि अध्यात्म यांच्या प्रसाराला. त्या ओळीत योग जोडला गेला, आणि तीच शब्दयोजना पुढे वस्तू व सेवा करात आली. एकाच अर्थ मंत्रालयाच्या एका कायद्यात योग शिक्षणाच्या शेजारी आणि दुसऱ्यात धर्माच्या शेजारी! दोन्ही ठिकाणी फळ मात्र एकच, करसूट.

तिसरे उत्तरही आहे. पतंजली योगपीठ ट्रस्टचा योगप्रसार हा वैद्यकीय मदत आणि शिक्षण आहे, असे २०१७ मध्ये दिल्लीच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने मानले. त्याच ट्रस्टच्या शुल्क घेऊन होणाऱ्या शिबिरांना सेवाकर लागतो, कारण ती आरोग्य आणि तंदुरुस्तीची सेवा आहे, हा सेवाकर न्यायाधिकरणाचा निर्णय एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. शिक्षण, औषधोपचार, धर्मप्रसार, व्यायामशाळा. वडिलांच्या शिक्षकांना हे सांगितले असते तर त्यांनी हसून, ‘‘चारही खरे,’’ म्हटले असते. पण शिक्षकाला चारही खरे म्हणता येते, शासनाला येत नाही. प्रत्येक वर्गवारीमागे कोणाचा तरी पैसा आणि कोणाचा तरी हक्क असतो.

संस्थांच्या बाबतीत ही गल्लत फार तर महसुलाची हानी करते. खरी अडचण शाळेत येते, कारण तिथे समोर दहा वर्षांचे मूल असते. राज्यघटनेच्या २८व्या अनुच्छेदानुसार पूर्णतः सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. म्हणून योग आणि ध्यान धर्म नाहीत, असे सरकारला म्हणावेच लागते. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांत १७७ देशांच्या साथीने योग दिनाचा ठराव झाला आणि ६ डिसेंबर २०२४ रोजी २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिन ठरला. योग साऱ्या मानवतेचा, ही भूमिका परराष्ट्र धोरण म्हणून उत्तम आहे. पण तेच सरकार देशात बोलते तेव्हा सूर बदलतो. तिथे योग हा सनातन संस्कृतीचा वारसा आणि राष्ट्राभिमानाचा विषय होतो. शाळेतल्या मुस्लीम वा ख्रिस्ती मुलाच्या पालकांना दोन्ही भाषणे ऐकू येतात. त्यांनी दुसऱ्या भाषणावर विश्वास ठेवला तर तो त्यांचा अडाणीपणा नव्हे.

दिल्लीतल्या राज्यकर्त्यांना हे उमगलेले नाही असे नाही. २०१५ च्या पहिल्या योग दिनाच्या कार्यक्रमातून सूर्यनमस्कार वगळण्यात आले होते आणि पुढच्या वर्षी ओंकारावरून वाद झाला तेव्हा त्याची सक्ती नाही, असे आयुष मंत्रालयाने स्पष्ट केले. ही समजूतदारपणाची पावले होती. उलट, ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई महापालिकेच्या सभागृहाने आपल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे करण्याचा ठराव केला, तेव्हा समाजवादी पक्ष आणि काँग्रेसने विरोध केला आणि चर्चा पुन्हा सूर्य देव आहे की तारा, इथे जाऊन अडकली. पालिकेच्या शाळांत मैदाने किती आणि व्यायामशिक्षक किती, हे विचारायला कोणाला सवड नव्हती. २०१७ मध्ये योग शाळांत अनिवार्य करावा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने नाकारली; शाळेत काय शिकवावे हे आम्ही ठरवणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. ते ठीकच झाले.

महाराष्ट्रात याच कोड्याचे दुसरे रूप आहे आणि ते हिंदू नाही. सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात येऊन विपश्यनेची शिबिरे सुरू केली. इगतपुरीचे धम्मगिरी त्यांच्या परंपरेचे मुख्य केंद्र. राज्य शासन आपल्या कर्मचाऱ्यांना या शिबिरांसाठी रजेची सवलत देते आणि शाळांत ‘मित्र उपक्रमा’तून आनापान शिकवले गेले आहे. बुद्धाने शिकवलेली ही साधना सांप्रदायिक नाही, असे गोएंकाजी आयुष्यभर सांगत राहिले. डॉ. आंबेडकरांच्या मार्गाने बौद्ध झालेल्या एखाद्या कुटुंबाला मात्र बुद्धाचे नाव धर्माचेच वाटेल, आणि का वाटू नये? आनापानाला जे निकष लावायचे तेच ओंकाराला आणि तेच उद्या कोणी सूफी जिक्र वा ख्रिस्ती मौनध्यान शाळेत आणू पाहील तर त्यालाही लावायला हवेत. मुंबईत सूर्यनमस्काराला विरोध करणाऱ्यांपैकी किती जणांनी आनापानाविषयी तोंड उघडले, आणि समर्थकांपैकी किती जण जिक्र सहन करतील, हे वाचकांनीच ठरवावे.

ध्यानाला धर्मापासून पूर्ण तोडणे मला मान्य नाही. ‘श्रद्धेची गरज नाही, करून पाहा’ ही मांडणी आजच्या कंपन्यांच्या कल्याण विभागांनी शोधलेली नाही. विवेकानंदांनी १८९६ च्या ‘राजयोग’ ग्रंथात तीच केली होती, आणि पुढच्याच वर्षी ते मद्रासला आले तेव्हा मरीना किनाऱ्यावरच्या आइस हाऊसमध्ये नऊ दिवस राहिले. पण त्यांनी मूळ लपवले नाही. तमिळ शैवांच्या तिरुमंदिरम् या ग्रंथात अष्टांग योग आहे, ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे वर्णन आहे; जैनांचे ध्यान आहे, बौद्धांचे आहे. हे सारे पुसून ‘श्वासावर लक्ष द्या’ एवढेच शिल्लक ठेवायचे आणि त्याचे मोबाइल ॲप करून विकायचे, याने परंपरेचा अपमान होतो, ही अनेक हिंदूंची तक्रार खरी आहे. अलाबामाने जे केले ते तेच होते. मुलांना साधनेचे मूळ सांगणे हे इतिहासाचे शिक्षण आहे. २००२ मध्ये अरुणा रॉय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने धर्मांविषयी शिकवणे आणि धर्माची दीक्षा देणे यांतला भेद मान्य केलेलाच आहे.

तेव्हा साधनेच्या मुळाशी कोणता धर्म आहे, या प्रश्नाचा शासनाने नाद सोडावा. त्याऐवजी पाहावे ते असे की, तिथे कोणापुढे वंदन करावे लागते का, एखादी श्रद्धा कबूल करावी लागते का आणि कोणी नको म्हटले तर त्याचे काय होते. न्यू जर्सीची तसबीर या कसोटीवर नापास होते, एन्सिनिटासचा तास उत्तीर्ण होतो. संस्थांना एकच कायमचा शिक्का मारण्याचा आग्रहही मी धरणार नाही. ध्यानलिंग आणि योगवर्ग एका आवारात असू शकतात. आयकर कायदा आजही ८०जीची सवलत असलेल्या संस्थेला उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत खर्च धार्मिक कामावर करू देतो, म्हणजे मिश्रण त्याला ठाऊक आहे. तेच तत्त्व पुढे न्यावे. प्रत्येक उपक्रमाचे स्वरूप संस्थेने एकदा जाहीर करावे, त्याचा हिशेब वेगळा ठेवावा आणि आयकर, वस्तू व सेवा कर, धर्मादाय खाते, पर्यावरण या साऱ्या खिडक्यांवर तेच निवेदन ग्राह्य धरावे. शिक्षण म्हटले तर शिक्षण, मग तपासणीही शिक्षणसंस्थेची. धर्म म्हटला तर धर्माचे संरक्षण, आणि धर्माच्या मर्यादाही. 

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे. मुलाला ‘नको’ म्हणण्याचा हक्क कागदावर असतो; साठ मुलांच्या वर्गात एकट्याने उठून बाहेर जाणे त्याला जमत नाही. खरे आहे. चेन्नईच्या शाळांत प्रार्थनेच्या वेळी गप्प उभी राहणारी मुले मी पाहिली आहेत, आणि लहानपणी त्यांच्यातला एक मीही होतो. म्हणून बाहेर जाण्याची सोय पुरेशी नाही. त्या वेळेला दुसरा उपक्रम हवा, त्यालाही शिक्षक हवा आणि दोन्हींपैकी कशालाही हजेरीचे वा गुणांचे वजन नको. ध्यान खरोखर उपकारक असेल तर मुले आपण होऊन येतील. येणार नाहीत अशी भीती वाटत असेल, तर सक्तीने बसवलेल्या मुलाचे चित्त कसे स्थिर होणार, याचेही उत्तर सक्तीच्या समर्थकांनी द्यावे. पतंजलींनी तरी ते दिलेले नाही.

पालकांना द्यायचा संमतीचा कागद एका पानाचा असावा, तमिळनाडूत तमिळमध्ये आणि महाराष्ट्रात मराठीत. काय शिकवणार, ते कुठून आले, कोणते शब्द उच्चारावे लागतील, हे त्यावर लिहिलेले असावे. खाली ‘हवे’ आणि ‘नको’ असे दोन रकाने असावेत आणि ‘नको’पुढे कारण विचारणारी ओळ नसावी. माझ्या वडिलांना त्यांच्या शिक्षकांनी कारण विचारले नव्हते.